पोचट दाण्याचा कोंडा

आमचं गाव निफाड तालुक्यात. चार एकर रान आणि घराच्या पडवीत पिठाची गिरणी, त्यामुळे जो गहू पेरते तोच मी दळतेही.

तीन वर्षांपूर्वी सोयाबीन निघायला उशीर झाला आणि गव्हाची पेरणी डिसेंबरच्या अखेरीस गेली. मार्चच्या तोंडाशी ओंब्या भरत होत्या, तोच ऊन तापलं. मळणीनंतर मूठभर गहू तळहातावर घेतला तर दाणे बारीक, पाठीवर सुरकुत्या, मधली चीर खोल गेलेली. त्यातला पायलीभर दळून शेजारच्या काकूंना दिला. दुसऱ्या दिवशी त्या चाळण घेऊनच आल्या. "अगं, एवढा कोंडा? निम्मं पीठ गाईच्या घमेल्यात गेलं की!"

काकूंचं म्हणणं खरं होतं. गव्हाचा दाणा आधी साल आणि तिच्याखालचे थर तयार करतो, स्टार्च नंतर दिवसेंदिवस साठत जातो. उष्णता वाढली किंवा ऐन भरणीत पाणी चुकलं की भरायचे दिवसच कमी होतात. साल होते तेवढीच, आत माल कमी. अशा गव्हाच्या पिठात फायबरचा टक्का वाढलेला दिसू शकतो. पण तो वाढ म्हणायच्या लायकीचा नाही. स्टार्च भरलाच नाही म्हणून सालीचा हिस्सा मोठा दिसतो, एवढंच. एकरी उतारा घटतो तो वेगळाच.

कोंडा म्हणजे फायबर आणि आतलं पांढरं म्हणजे नुसता स्टार्च, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. मुलगी कृषी महाविद्यालयात शिकते, तिनं ते दुरुस्त केलं. दाण्याच्या पांढऱ्या भागातही असंख्य पेशी असतात आणि त्यांच्या भिंती मुख्यतः अरॅबिनोझायलन नावाच्या तंतूच्या असतात. कोंड्यासकट पिठात साधारण 11 ते 13 टक्के फायबर असतं, मैद्यात जेमतेम 3 टक्क्यांच्या आसपास. पण मैद्यातलं हे थोडकं फायबर काही अंशी पाण्यात विरघळणारं असतं. पोटात ते दाटपणा आणतं, साखर रक्तात उतरायचा वेग कमी करतं आणि आतड्यातल्या जिवाणूंचं अन्न होतं. पाव, बिस्किटं, नान मैद्याचेच होतात. ते खाणारं माणूस कोंडा खायला सहसा तयार नसतं. म्हणून मला हा आतला तंतू फार महत्त्वाचा वाटतो.

तो वाढवता येतो का? हेल्थग्रेन नावाच्या युरोपीय प्रकल्पात हंगेरीतल्या मार्टनवाशार इथे पावाच्या गव्हाचे 150 वाण एकाच रानात लावून तपासले. त्यातले 26 वाण पुढे वेगवेगळ्या देशांतल्या हवामानात घेतले. हवा बदलली तसे आकडे हलले, पण मैद्यातल्या विरघळणाऱ्या तंतूत मोठा वाटा वाणाचाच राहिला. युमाई 34 हा चिनी गहू त्यात ठळक उठून दिसला. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड संस्थेनं पुढे त्याचे संकर करून हा गुण गुणसूत्रांवर कुठे बसला आहे ते शोधलं.

आणखी एक गोष्ट मला गिऱ्हाइकांना मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण 'जुना गहू सकस, नवा निकस' हे वाक्य गिरणीत रोज ऐकू येतं. 1790 ते 2012 या काळातले, ब्रिटनमध्ये रुळलेले 39 वाण तीन वर्षं शेजारी शेजारी लावून पाहिले, तेव्हा नव्या वाणांच्या मैद्यात अरॅबिनोझायलन कमी नव्हे, जास्त निघालं. खपलीसारख्या जुन्या गव्हाचं महत्त्व त्यानं उणावत नाही, पण सरसकट नव्याला नावं ठेवणं मला पटत नाही.

अडचण अशी की फायबर डोळ्याला दिसत नाही. तांबेरा पानावर दिसतो, उतारा काट्यावर कळतो. तंतू मोजायला प्रयोगशाळाच लागते. शिवाय हा तंतू पाणी फार ओढतो, त्यामुळे पीठ मळण्याचा अंदाज बदलतो. पण प्रथिनंही डोळ्याला दिसत नाहीत, तरी पुण्याच्या आघारकर संस्थेनं एमएसीएस 4028 या वाणात 14.7 टक्के प्रथिनं आणली, सोबत जस्त आणि लोहही. ज्या गुणावर कोणीतरी लक्ष ठेवून निवड केली, तो गुण वाणात आला.

यंदा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वापसा साधून पेरायचं ठरवलंय. भरणीचं पाणी चुकवणार नाही. आणि बियाणं घ्यायला गेले की दुकानदाराला उताऱ्याच्या, तांबेऱ्याच्या आकड्यांसोबत एक प्रश्न आणखी विचारणार आहे: भाऊ, याच्या मैद्यात तंतू किती?