गाडी किती उंच करावी? लिफ्ट, टायर आणि ‘कशासाठी’ हा प्रश्न

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक टायरवर बोलणार म्हटल्यावर काही जण गंमत बघायलाच आले असतील. आलात ते बरं झालं.

विषय कसा निघाला ते आधी सांगतो. साताऱ्यात माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याने थार घेतली, नवी म्हणजे २०२० नंतरची. सासुरवाडी सांगली जिल्ह्यात, शिराळा तालुक्यात. तिथे शेतीही बघतो. एक दिवस फोन आला, “सर, दोन इंचाचं लिफ्ट आणि तेहतीसचे टायर टाकतोय, करू ना?” मी विचारलं, “कशासाठी?” तो म्हणाला, “सगळे करतात.” न्यायसूत्रांत सोळा पदार्थ मोजलेत. त्यात संशय तिसरा, प्रयोजन चौथा. म्हणजे शंका आली की लगेच विचारायचं, हे कशाकरता? ‘सगळे करतात’ हे प्रयोजन नव्हे. म्हणून त्याला घरी बोलावलं आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

पहिला गोंधळ उंचीबद्दलचा. गाडी उंच झाली म्हणजे नेमकं काय उंच झालं? जुन्या जीपला दोन्ही बाजूंना अखंड आख असायचा, पाट्यांवर बसवलेला. नव्या थारला मागे अखंड आख आहे, पुढची चाकं स्वतंत्र आहेत. जिमनीला दोन्हीकडे अखंड आख. आखाच्या मधोमध जे गोल हाउसिंग असतं ना, ते गाडीचं सर्वांत खाली लोंबणारं अंग. दगडाला लागतं ते बहुतेक वेळा हेच. आता लिफ्ट म्हणजे काय, तर आख आणि बॉडी यांच्या मधलं अंतर वाढवणं: उंच स्प्रिंग घालून, नाहीतर स्वस्तात स्पेसरची चकती सरकवून. बॉडी वर गेली. आख? आख चाकाला बांधलेला, तो होता तिथेच आहे. दोन इंच लिफ्ट केलं तरी मागचं हाउसिंग एक सूतही वर जात नाही! ते वर नेतो फक्त टायर, आणि तोही निम्म्याने. थारचा १८ इंची रिमचा टायर २५५/६५, म्हणजे उंची साधारण ७८९ मिलिमीटर. तेहतीस इंच म्हणजे ८३८. फरक ४९, त्यातला अर्धा आखाखाली, बाकीचा आखाच्या वर. म्हणजे मिळाले जेमतेम २५ मिलिमीटर. एक इंच.

मग लिफ्टचा उपयोगच नाही का? आहे. बॉडीचं पोट आणि पुढची-मागची टोकं वर जातात, त्यामुळे चढाच्या तोंडाशी बंपर घासत नाही, माथ्यावर पोट टेकत नाही. मोठ्या टायरला कमानीत जागा मिळते. पण थारला कंपनीकडूनच पुढचा कोन ४१.८ अंश, मागचा ३६.८, पोटाचा २७ आणि जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंची मिळते. माझ्या विद्यार्थ्याला विचारलं, “आजवर कुठे टेकली?” बराच विचार करून म्हणाला, “एकदा. शेताच्या ओढ्यात.” “काय टेकलं?” “मागचं हाउसिंग.” झालं! ज्या दुखण्याला लिफ्टचं औषधच नाही, त्याच्यासाठी तो लिफ्ट घेणार होता.

बैलगाडी आठवा. चाक केवढं मोठं असायचं! मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, दगडावर सहज चढतं, आख उंच राहतो. पण त्या चाकाची लोखंडी धाव अरुंद, काळ्या रानात ती कापत खाली जायची. म्हणून सांगलीकडच्या ऊस वाहणाऱ्या गाड्यांना पुढे हवेचे टायर आले. चाक लहान झालं, पण भार पसरला. टायरचं सगळं शास्त्र या दोन गाड्यांत आहे.

भार कसा पसरतो ते बघू. गाडी १८०० किलोची धरा, एका चाकावर साडेचारशे. हवा ३२ पौंड, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. तर टायर जमिनीला साधारण २०० चौरस सेंटिमीटर टेकणार. हवा १८ पौंडांवर आणा, तेच साडेतीनशेच्या पुढे जातं. खर्च शून्य. फक्त डांबरावर येताना परत भरायची, त्यासाठी गाडीत बॅटरीवर चालणारा छोटा पंप हवा. कमी हवेवर हायवेला पळवलं तर टायर तापून फाटतो. आणि हवा कमी केली की काठाचा भाग दगडाला उघडा पडतो, हेही लक्षात ठेवा.

आता नक्षी. इथे जरा रेंगाळतो, कारण आपले दोन जिल्हे म्हणजे टायरची प्रयोगशाळा आहेत. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्याच सातारा जिल्ह्यात माणला पाचशेच्या आसपास. सांगलीतही तेच: शिराळ्याचा पश्चिम भाग भिजलेला, जत-आटपाडी कोरडी. पश्चिमेला जांभा, पावसात शेवाळलेला. त्यावर मोठमोठ्या ठोकळ्यांचा चिखली टायर, ज्याला ‘एमटी’ म्हणतात, तो घसरतो. तिथे बारीक चिरा असलेला, मऊ रबराचा ‘एटी’ जास्त धरतो. कृष्णाकाठची काळी माती मात्र ‘एटी’च्या खाचा भरून टाकते, चाकाला चिखलाची चप्पल चढते आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे ‘एमटी’ आपली माती फेकून देतो. जत-आटपाडीच्या मुरमावर, दगडगोट्यांवर नक्षीपेक्षा टायरची बाजू किती जाड हे महत्त्वाचं. मग सगळीकडे चालणारा टायर कोणता? असा टायर नाही. वर्षातले किती दिवस कुठे जाता, एवढं मोजायचं. माझ्या विद्यार्थ्याने मोजलं: दहातले नऊ किलोमीटर सातारा-कऱ्हाड हायवे. तिथे ‘एमटी’ भुंग्यासारखा घुमतो, ओल्या डांबरावर ब्रेक लांबतो आणि डिझेल जास्त पितो.

लिफ्टची किंमत फक्त गॅरेजच्या बिलात नसते. दोन चाकांतलं अंतर १५२० मिलिमीटर, गुरुत्वमध्य समजा ७०० वर. अंतराच्या निम्म्याला उंचीने भागा: १.०९. लिफ्ट आणि टायर मिळून गुरुत्वमध्य ६५ ने चढला तर ०.९९. हा आकडा जितका लहान, तितकी गाडी वळणावर लवकर उलटते. यवतेश्वराच्या घाटात कुणी अचानक आडवा आला की हा दहा टक्क्यांचा फरक कळतो. स्पीडोमीटरही खोटं बोलू लागतं: ८० दाखवतो तेव्हा गाडी ८५ ला असते.

आणि स्टिअरिंग. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून हात सोडला तरी ती सरळ जाते. गाडीतही तसाच तिरकेपणा असतो. अखंड पुढच्या आखाच्या गाडीला नुसतं लिफ्ट केलं, कोन दुरुस्त केला नाही, की तो कमी होतो. एका गॅरेजमध्ये अशी उंच केलेली जुनी जीप होती, तिच्यात मी बसलो होतो. कऱ्हाडच्या अलीकडे एका खड्ड्यानंतर पुढची चाकं अशी थरथरायला लागली की चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग राहीना. थांबलो तेव्हा दोघेही गप्प होतो. म्हणून लिफ्ट करायचंच असेल तर त्या उंचीचे शॉकॲब्सॉर्बर, लांब ब्रेकपाइप, आखाला आडवा धरणारा दांडा, अलाइनमेंट, हेडलाइटचा कोन, सगळं एकत्र करा. नुसती चकती सरकवणं हे काम नव्हे.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणीपुस्तक जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सगळ्या फळ्या बदललेलं जहाज तेच राहतं का, हा ग्रीकांचा जुना प्रश्न मी वर्गात तीस वर्षं घोळवला. आरटीओकडे तो घोळत नाही. विम्याचा दावा अडतो तोही इथेच.

एका श्रोत्याने चिठ्ठी दिली आहे: “सांगलीत २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले. पुरासाठी तरी उंच गाडी हवी ना?” याचं उत्तर नीट ऐका. गाडीचा तळ साधारण सहा चौरस मीटर. तळाच्या वर ३० सेंटिमीटर पाणी चढलं की १८०० किलो पाणी बाजूला सारलं जातं, म्हणजे गाडीच्या वजनाइतकं. आत पाणी शिरायच्या आधीच ती तरंगू लागते. त्याच्या बरंच आधी चाकांवरचा भार इतका हलका होतो की वाहतं पाणी तिला आडवी ढकलतं. हवेने भरलेले मोठे टायर तर आणखी उचलतात. दोन इंच लिफ्टने काय मिळालं? दोन इंच. कृष्णेचं पाणी ते किती वेळात भरून काढतं, हे सांगलीकरांना मी सांगायला नको. साचलेल्या, खोली माहीत असलेल्या पाण्यातून हळू जाणं वेगळं. वाहत्या पाण्यात कुठलीच गाडी घालू नका.

आणखी एक. कास पठारावर, चाळकेवाडीच्या सड्यांवर रस्ता सोडून गाडी घालू नका. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे. कातळावर बोटभर माती असते, त्यातच ती सगळी फुलं. ‘एमटी’ टायर ती नांगरून काढतो. कोयना-चांदोलीत, सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात, परवानगीशिवाय शिरण्याचा प्रश्नच नाही.

शेवटी त्याने काय केलं विचारता? लिफ्ट नाही. कंपनीच्याच मापाचे, जाड बाजूचे ‘एटी’ टायर, हवेचा पंप, ओढायचा पट्टा. ओढ्यातला तो एक दगड दोन गड्यांनी पहारीने हलवला. त्याची आई सत्तरीच्या पुढची, तिला आताच चढताना हात द्यावा लागतो, हे त्याला कागदावर मोजताना आठवलं. स्टेपनीही त्याच मापाची घ्यायला सांगितलं; चारही चाकं ओढणाऱ्या गाडीत एक टायर वेगळ्या उंचीचा लावून फोर-बाय-फोर टाकलं की सगळा ताण गिअरवर येतो. ती त्याने अजून घेतलेली नाही.