दहा ते अठरा : पैशाच्या ट्रेनिंगची आठ वर्षं

 

मुलांना पैशाचे व्यवहार कधीपासून शिकवायचे, असं पालक मला नेहमी विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. दहाव्या वर्षी सुरुवात करा आणि अठरावं संपायच्या आत काम पूर्ण करा. हे आकडे माझ्या मनाचे नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२५ च्या सूचनांनुसार, दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बँका बचत खातं स्वतः उघडू आणि चालवू देऊ शकतात. मर्यादा किती ठेवायची, ते बँक ठरवते. शिल्लक असेल तेवढेच पैसे काढता येतात. मूल सज्ञान झालं की बँक नव्यानं सही घेते आणि खातं पूर्णपणे त्याच्या हातात जातं. म्हणजे मधली आठ वर्षं हा ट्रेनिंगचा काळ. फौजेत जवानाच्या हाती खरी गोळी देण्याआधी महिनोन्‌महिने नुसती ड्रिल करून घेतात, तसंच हे.

एवढी तयारी कशाला, असं वाटेल. आमच्या भिलाईचंच उदाहरण घ्या. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून हजारो घरांत ठरलेल्या तारखेला पगार, राहायला क्वार्टर, कारखान्याचं हॉस्पिटल, पीएफ. चांगलंच आहे! पण अशा घरातल्या मुलाला पैसा येतो कसा आणि पुरवायचा कसा, हे बघायची वेळच येत नाही.

आणि याच भिलाईचं नाव महादेव नावाच्या ऑनलाइन सट्ट्याच्या ॲपमुळे देशभर गाजलं. सप्टेंबर २०२३ मध्ये ईडीनं या प्रकरणात ४१७ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणल्याचं जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारनं ॲपवर बंदी घातली. दोषी कोण, ते कोर्ट ठरवेल. पण तपासयंत्रणेनं मांडलेला एक मुद्दा पालकांनी नीट ऐकावा : सट्ट्याचा पैसा फिरवायला भलत्यांच्याच नावावरची बँक खाती वापरली गेली.

अशी खाती मिळतात कशी? ओळखीतला एखादा भैया अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला गाठतो. "तुझं खातं, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला चार-पाच हजार घे. तुला काहीच करायचं नाही." मुलाला वाटतं, मी कुठे चोरी करतोय? पण खातं त्याच्या नावावर असतं. त्यातल्या प्रत्येक रुपयाचा जाब त्यालाच द्यावा लागतो. खातं गोठतं, घरी पोलिसांची नोटीस येते, पुढे नोकरीच्या आणि पासपोर्टच्या पडताळणीत हेच आडवं येतं. तुम्ही इंदूरला राहा, बडोद्याला राहा की बेळगावात, हा भैया सगळीकडे आहे.

आता ट्रेनिंगचे तीन टप्पे सांगतो.

पहिला टप्पा, दहा ते बारा. इथे फक्त रोख. आठवड्याला ठरलेल्या वारी ठरलेली रक्कम द्या, पन्नास असो की शंभर, आणि सोबत एक वही. रोज रात्री दोन ओळी : काय घेतलं, किती उरले. सोमवारीच सगळ्याचं गुपचूप खाल्लं (महाराष्ट्रातली पाणीपुरी, आमच्याकडे गुपचूप), तर पुढच्या सोमवारपर्यंत हात रिकामा. ओरडू नका आणि ॲडव्हान्सही देऊ नका. आजी-आजोबांना खास विनंती, मागच्या दारानं रसद पुरवू नका!

दुसरा टप्पा, तेरा ते पंधरा. आता बँकेत खातं उघडा, पासबुक वाचायला शिकवा आणि एखादी खरी जबाबदारी द्या. समजा, दिवाळीच्या कपड्यांचे पंधराशे रुपये मुलीच्या हातात दिले. सुपेल्याच्या रविवार बाजारात घ्यायचे की मॉलमध्ये, ते तिनं ठरवावं. उरतील ते तिचे. घरचं विजेचं बिल तिलाच वाचायला लावा. मोबाईलवरून पैसे देताना नोट हातातून जाताना दिसत नाही, म्हणून तो खर्च वहीत आलाच पाहिजे. आणि एक गोष्ट पाठ करून घ्या : पैसे मिळवायला पिन लागत नाही. पिन मागितला, म्हणजे पैसे जाणार.

तिसरा टप्पा, सोळा ते अठरा. आता व्याज शिकवा, कागद-पेन्सिल घेऊन. क्रेडिट कार्डाची दहा हजारांची थकबाकी महिना साडेतीन टक्क्यांनी वर्षभर तशीच राहिली, तर पंधरा हजारांच्या वर जाते. तेच दहा हजार सात टक्क्यांच्या ठेवीत ठेवले, तर दुप्पट व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. हा हिशेब मुलानं स्वतः मांडला की तो विसरत नाही.

याच वयात चार कायमचे आदेश द्या. खातं, कार्ड, सिम कुणालाही वापरायला द्यायचं नाही, जिवलग मित्रालाही नाही. ओटीपी सांगायचा नाही. खात्यात अनोळखी पैसे आले तर खर्च न करता बँकेला कळवायचं. आणि फसवणूक झाली तर लगेच १९३० वर फोन करायचा.

पण हे आदेश टिकतात ते एका पाचव्या गोष्टीवर, आणि ती पालकांसाठी आहे. मूल पैशाची चूक सांगायला आलं, तर आधी पूर्ण ऐकून घ्या. गस्तीवरच्या तुकडीनं गडबडीची खबर वेळेवर दिली तर मदत पाठवता येते. खबर दिल्याबद्दल शिक्षा होते असं कळलं, की पुढच्या वेळी खबर येत नाही. बाराव्या वर्षी पन्नास रुपये बुडाल्याचं ज्या मुलानं घरी मोकळेपणानं सांगितलं, तेच एकोणिसाव्या वर्षी सांगेल, "बाबा, एक जण माझं खातं मागतोय."

या आठवड्याचं काम सोपं आहे. येत्या रविवारी मुलाला शेजारी बसवा आणि आपल्या घराचा मागच्या महिन्याचा खर्च त्याच्यासमोर मांडा. तो काय विचारतो, ते मला जरूर कळवा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद!