पिऊन रस्त्यावर आलेला इसम आणि चार कायदे (लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात दारूच्या परवान्याचे प्रकार पाहिले. परवाना असलेला अथवा नसलेला मनुष्य पिऊन घराबाहेर पडला म्हणजे कायदा त्याच्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो, हे या खेपेस पाहावयाचे आहे. दहिसरसारख्या उपनगरात रेल्वेचा फलाट, महापालिकेचा रस्ता, द्रुतगती महामार्ग आणि मुंबईची हद्द जेथे संपते तो नाका ही चारही ठिकाणे एकमेकांपासून पायी गाठण्याजोगी आहेत. आणि म्हणून तेथे एकाच इसमाला, एकाच संध्याकाळी, पोटात तीच दारू असताना, जागा पालटेल तसा निराळा कायदा लागू होतो. प्रत्येक कायद्याची कसोटी वेगळी असल्यामुळे एका ठिकाणी निरपराध असलेला मनुष्य चार पावलांवर अपराधी ठरू शकतो. ही गोष्ट सामान्य नागरिकाला ठाऊक नसते, आणि ती ठाऊक नसल्याचा भार बहुधा गरिबावर पडतो, एवढ्यासाठी हा विस्तार.

प्रथम मुळाकडे जाऊ. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याचे धोरण मुख्यतः महसुलाचे होते. सरकारचा कर भरून कोणी ताडी काढली वा दारू गाळली तर त्यास हरकत नव्हती. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने हे धोरण पालटले आणि अबकारी खाते सांभाळणाऱ्या डॉ. गिल्डर यांच्या कारकिर्दीत १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी जाहीर झाली. पुढे महायुद्ध सुरू झाले, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग खंडित झाला. स्वातंत्र्यानंतर खेर पुन्हा मुख्यमंत्री व मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा संमत झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी आली. दहिसर त्या वेळी मुंबईत नव्हते. ते ठाणे जिल्ह्यातले गाव होते आणि बृहन्मुंबईत त्याचा समावेश १९५७ साली झाला. परंतु कायदा सर्व राज्याचा असल्यामुळे नाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे त्याचा अंमल सारखाच होता, आणि आजही आहे. होय, आजही, कारण पुढे परवान्यांची दारे उघडत गेली तरी तो कायदा रद्द झालेला नाही. त्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले, इतकेच. महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्यप्राशन करणे हा कागदोपत्री अद्याप अपराधच आहे, हे दुकानांच्या झगमगाटात आपण विसरून गेलो आहोत.

या कायद्याचे ८५ वे कलम आपल्या विषयाचे मुख्य कलम होय. रस्ता, हमरस्ता अथवा लोकांना जाण्यास मुभा असलेली कोणतीही जागा, अशा ठिकाणी तीन प्रकारचे इसम या कलमाखाली येतात: जो पिऊन इतका बेताल झाला आहे की त्याचा स्वतःवर ताबा राहिलेला नाही, जो दारूच्या अमलाखाली बेशिस्त वर्तन करतो, आणि जो केवळ प्यालेला आढळतो, पण ज्याच्यापाशी परवाना नाही. पहिल्या दोघांच्या बाबतीत परवाना असला तरी तो त्यांना वाचवीत नाही. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र परवाना हेच सर्वस्व आहे. दहिसरातल्या आनंदनगरच्या पदपथावरून कोणाला उपद्रव न देता, जरा सावकाश, घराकडे चाललेले दोन इसम घ्या. दोघेही सारखेच प्यालेले, पण एकाच्या खिशात राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आहे आणि दुसऱ्याच्या खिशात नाही. या तिसऱ्या खंडाप्रमाणे दुसराच काय तो अपराधी. शिवाय याच कायद्यान्वये पोलिसास अधिपत्रावाचून अटक करता येते, आणि पकडलेला इसम औषधासाठी नव्हे तर नशेसाठीच प्याला, असे विरुद्ध पुरावा येईपर्यंत गृहीत धरले जाते.

आता 'प्यालेला' हे ठरवावयाचे कशाने? या प्रश्नावर मुंबईच्याच एका खटल्याने पुढील कायद्याला वळण लावले. १९५१ च्या मे महिन्यात, रात्री साडेनऊच्या सुमारास, बेहराम खुर्शीद पेसिकाका या सरकारी अधिकाऱ्याच्या जीपगाडीची कुलाब्याकडे जाताना तीन पादचाऱ्यांना धडक बसली. पेसिकाका यांची वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा तोंडाला मद्याचा वास येत होता, डोळे लालसर होते, बाहुल्या काहीशा विस्फारलेल्या होत्या. मात्र बोलणे सुसंगत होते आणि सरळ रेषेवर चालून दाखविण्यास सांगितले असता ते चालले होते. आपण 'बी. जी. फॉस' नावाचे शक्तिवर्धक औषध घेतले होते, असे त्यांचे म्हणणे होते. त्या औषधात शेकडा १७ इतका मद्यार्क असे. खालच्या न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयाने दारूबंदीच्या कलमाखाली दोषी धरले, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष ठरविले. या निर्णयाचा आधार बलसारा खटल्यात होता. १९५१ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी कायदा एकंदरीत वैध ठरविला होता, परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावरील बंदी घटनाबाह्य म्हणून रद्द केली होती. तेव्हा प्राशन केलेला पदार्थ औषध नव्हता हे सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादी पक्षाची. आरोपीच्या तोंडाला वास येतो एवढ्याने ती पार पडत नाही, असा तो सिद्धांत होता.

सरकारने यावर उपाय काढला तो १९५९ च्या दुरुस्तीने. रक्तात मद्यार्काचे प्रमाण शेकडा ०.०५ किंवा त्याहून अधिक आढळले, तर घेतलेला पदार्थ औषध होता हे दाखविण्याचा भार आरोपीवर टाकला गेला, आणि रक्त कसे घ्यावे याचे स्वतंत्र नियम झाले. ते नियम मी मोठ्या आदराने वाचतो. सुई-पिचकारी उकळत्या पाण्यात निर्जंतुक करावयाची. जेथे सुई टोचावयाची तेथली त्वचा निर्जंतुक पाण्यानेच पुसावयाची. आणि या कामात कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काला स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. दवाखान्यात एरव्ही स्पिरिटच्या बोळ्याशिवाय सुई टोचली जात नाही. पण तोच बोळा येथे निरपराध मनुष्याच्या रक्तात अपराध मिसळू शकला असता. निदान पाच घन सेंटिमीटर रक्त घेऊन कुपी मोहोरबंद करावयाची आणि ती तपासनीस अधिकाऱ्याकडे धाडावयाची. मुंबईत अशा कुपीचा मार्ग कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातो. वास, लटपटती चाल, अडखळते बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मनुष्य दारूच्या अमलाखाली होता असा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली बच्चूभाई कारयानी यांच्या खटल्यात पुन्हा स्पष्ट केले. तरीही 'तोंडास दारूचा उग्र वास येत होता, डोळे लाल होते, तोल जात होता' हे वाक्य आजही साच्यातून काढल्यासारखे कागदावर उतरते, आणि ज्याला वकील देणे परवडत नाही तो गुन्हा कबूल करून, दंड भरून मोकळा होतो. रक्ताची तपासणी हा त्याचा बचाव आहे. पण तो मागता येतो हे त्याला सांगणारे कोणी नसते.

केंद्राचा सामान्य फौजदारी कायदा याहून सौम्य आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे ५१० वे कलम नुसत्या पिण्याला अपराध मानीत नसे. प्यालेल्या इसमाने सार्वजनिक जागी, किंवा जेथे त्याने शिरणे हेच अतिक्रमण ठरेल अशा जागी, येऊन कोणाला तरी त्रास होईल असे वर्तन करणे आवश्यक होते. शिक्षा चोवीस तासांपर्यंत साधी कैद किंवा दहा रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. ते दहा रुपये दीडशेहून अधिक वर्षे तसेच राहिले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ३५५ व्या कलमाने घेतली. कैद तेवढीच राहिली, दंडाची मर्यादा हजार रुपये झाली आणि तिसरा पर्याय म्हणून समाजसेवेची शिक्षा आली. लोकांच्या उपयोगाचे काम विनावेतन करावयाचे, अशी ही शिक्षा आहे. मला हा बदल फार मोलाचा वाटतो, कारण रोजंदारीवर जगणाऱ्याचा दंड अखेर त्याच्या बायकोच्या आणि मुलांच्या तोंडच्या घासातून वसूल होतो. नदीकाठ झाडण्याचे किंवा रुग्णालयात पाणी भरण्याचे काम मात्र त्यालाच करावे लागेल.

रेल्वेच्या हद्दीत पाऊल पडले की चित्र पालटते. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४५ वे कलम गाडीच्या डब्यात अथवा रेल्वेच्या कोणत्याही भागात नशेत असणे, एवढ्यालाच अपराध मानते. कोणाला उपद्रव झाला की नाही हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. रेल्वेचा कोणीही सेवक अशा इसमाला बाहेर काढू शकतो, त्याचे तिकीट वा पास जप्त होतो, आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद व पाचशे रुपयांपर्यंत दंड अशी आहे. विरार गाडीच्या दाराशी लोंबकळणाऱ्या गर्दीत एका माणसाचा तोल जाणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला ही कठोरता अनाठायी वाटणार नाही.

वाहनचालकाविषयी थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम मद्यार्क ही आहे, म्हणजे दारूबंदी कायद्यातील ०.०५ च्या मापाहून कडक. आणि तेथे दारूचा परवाना कामास येत नाही. गाडी चालविण्याचा प्रयत्न केला तरी अपराध पुरा होतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. दहिसर नाक्यावर श्वासयंत्राची नळी तोंडाशी धरली जाते तेव्हा ज्याच्या हाती गाडी आहे त्याला यंत्राचा आकडा तरी मिळतो. पायी जाणाऱ्याचे माप पुष्कळदा नुसत्या नाकाने घेतले जाते, ही विषमता मला अस्वस्थ करते.

एक गोष्ट उरली, आणि माझ्या मते तीच सर्वांत निकडीची. पुलाच्या कठड्याशी आडवा पडलेला इसम दिसला की 'बेवडा दिसतोय' म्हणून आपण वळसा घालून जातो. परंतु मधुमेह्याच्या रक्तातील साखर एकाएकी उतरली म्हणजे त्याचे बोलणे बरळल्यासारखे होते, चाल लटपटते, अंगाला दरदरून घाम सुटतो. साखर बेसुमार चढली म्हणजे कधी कधी श्वासाला गोडसर, आंबूस वास येतो, आणि अनभिज्ञाला तो दारूचा वाटतो. डोक्याला मार लागून आत रक्तस्राव होत असलेला मनुष्यही असाच झिंगल्यासारखा वागतो, आणि तो खरोखर प्यालेला असला तर त्याची दुखापत वासाखाली झाकून जाते. अशा इसमाला कोठडीत 'उतरेपर्यंत' निजवून ठेवणे म्हणजे त्याच्या प्राणाशी खेळणे होय. म्हणून पोलिसाने त्याला आधी रुग्णालयात न्यावे व मग कलमाचा विचार करावा. आणि पोलीस येईपर्यंत आपण त्याला एका कुशीवर वळवून ठेवावे, तोंडात पाणी ओतू नये आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

याहून भयंकर प्रकार विषारी दारूचा. २०१५ च्या जून महिन्यात दहिसरपासून जवळच, मालाडच्या मालवणीत, मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. त्या मिथेनॉलचे शरीरात काय होते आणि अड्डेवाल्यांवर कोणती कलमे लागतात, हे पुढील लेखांकात पाहू.