रक्तातली चरबी, लघवीतला फेस

सकाळी उठल्यावर मुलाचे डोळे सुजलेले दिसतात. आधी वाटतं, डास चावला असेल, काही खाण्यातून आलं असेल. चार-सहा दिवसांत सूज पायांवर उतरते, पोट टम्म होतं, लघवीला फेस येऊ लागतो. तपासणीत लघवीतून भरमसाट प्रथिनं जाताना सापडतात आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल ४००च्या वर निघतं. एवढ्याशा पोराने असं काय खाल्लं, हा घरातल्यांचा पहिला प्रश्न. मग तूप बंद, लोणी बंद, अंडं बंद. पण हे कोलेस्टेरॉल स्वयंपाकघरातून आलेलंच नसतं. ते मूत्रपिंडाच्या आजारातून आलेलं असतं.

या आजाराला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसभरात जवळजवळ १८० लिटर द्रव गाळला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी सोडली तर बाकीचा सगळा पुन्हा रक्तात ओढून घेतला जातो. गाळणी धड असेल तर अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तातच राहतं. ती सैल झाली की ते वाहून जातं. अल्ब्युमिन घटल्याचं यकृताला कळतं आणि ते भरपाईला लागतं. त्या धांदलीत अल्ब्युमिनबरोबर चरबी वाहून नेणारे कणही जास्त तयार होतात. त्याच वेळी रक्तातली चरबी उचलून वापरणारी यंत्रणा मंदावते. येणं वाढलं, जाणं घटलं, म्हणून आकडा चढला. बहुतेक मुलांमध्ये प्रेडनिसोलोन या स्टेरॉइड औषधाने प्रथिनांची गळती थांबते आणि काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल आपोआप खाली येतं. अशा मुलाचं मीठ नक्की कमी करावं, पण चमचाभर तुपासाठी त्याला रडवू नये.

वैद्यकाला ही जोडी नवी नाही. लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ मध्ये अंगावरची सूज, लघवीतलं अल्ब्युमिन आणि बिघडलेली मूत्रपिंडं यांची सांगड घातली. अशा काही रुग्णांच्या रक्तातला पातळ भाग दुधाळ दिसतो, हेही त्या काळच्या डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पुढे १९१३ मध्ये जर्मनीतल्या मुंक यांनी या रुग्णांच्या लघवीत चरबीचे थेंब पाहिले आणि आजाराच्या नावातच चरबी घातली: लिपॉइड नेफ्रोसिस.

उलटा प्रश्न मात्र बराच काळ लोंबकळत होता. चरबी स्वतः मूत्रपिंड बिघडवते का? त्याचं सर्वांत स्पष्ट उत्तर नॉर्वेतून मिळालं. १९६७ मध्ये नोरुम आणि योने यांनी ३३ वर्षांच्या एका बाईचा आजार नोंदवला. तिच्या लघवीतून प्रथिनं जात होती, रक्त कमी होतं आणि डोळ्यांची बुबुळं धुरकट झाली होती. तिच्या शरीरात एलकॅट नावाचं विकर जन्मापासून नव्हतं. रक्तातलं कोलेस्टेरॉल नीट बांधून ठेवणं हे त्या विकराचं काम. ते नसल्याने विचित्र घडणीचे चरबीचे कण रक्तात फिरतात आणि मूत्रपिंडाच्या गाळण्यांत साचतात. अशा रुग्णांना दुसऱ्याचं निरोगी मूत्रपिंड बसवलं तरी त्यातही चरबी साचू लागते. मूत्रपिंड निर्दोष असतानाही रक्तातली चरबी त्याला बिघडवू शकते, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

हा आजार अत्यंत दुर्मीळ. रोजच्या आजारांत काय घडतं? लंडनच्या मूरहेड आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं, की एकदा गाळणीला इजा झाली की वाढलेली चरबी त्या इजेत भर घालते आणि हे चक्र स्वतःच फिरत राहतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी याला बळ दिलं. म्हणून स्टॅटिन देऊन कोलेस्टेरॉल उतरवलं तर मूत्रपिंड वाचेल, अशी मोठी आशा होती. 'शार्प' या चाचणीत मूत्रपिंडाच्या ९,००० हून अधिक रुग्णांना सिम्वास्टॅटिन आणि इझेटिमिब किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली गेली. २०११ मध्ये निकाल आला. हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना १७ टक्क्यांनी घटल्या, पण मूत्रपिंडाची घसरण काही थांबली नाही.

हा निकाल निराशेचा नाही. मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातले कितीतरी रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचण्याआधीच हृदयविकाराने जातात. त्यांच्या बाबतीत स्टॅटिनचं काम हृदय राखण्याचं आहे. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार मूत्रपिंडाचा जुनाट आजार असलेल्या, पन्नाशी गाठलेल्या आणि डायलिसिसवर नसलेल्या व्यक्तींना स्टॅटिन सुचवलं जातं, एलडीएल या 'वाईट' कोलेस्टेरॉलचा आकडा कितीही असो. कारण या आजारात एलडीएल पुष्कळदा 'नॉर्मल' दिसतं आणि फसवतं. ट्रायग्लिसराइड चढलेलं असतं, 'चांगलं' एचडीएल उतरलेलं असतं, आणि एलडीएलचे कण बारीक, दाट, रक्तवाहिनीला जास्त घातक झालेले असतात.

डायलिसिस सुरू झाल्यावर गणित बदलतं. जर्मनीत डायलिसिसवरच्या १,२५५ मधुमेही रुग्णांना ॲटोर्वास्टॅटिन देऊन पाहिलं, तेव्हा ठोस फायदा दिसला नाही. म्हणून या टप्प्यावर स्टॅटिन नव्याने सुरू करत नाहीत. आधीपासून चालू असेल तर सहसा चालू ठेवतात. डायलिसिसच्या रुग्णाचं कोलेस्टेरॉल फार खाली गेलं तर आनंद मानू नका. पुष्कळदा ते अन्न कमी पडत असल्याचं लक्षण असतं. अशा माणसाचं ताट आणखी रिकामं करणं घातक आहे. दिवाळीच्या फराळात मूत्रपिंडाच्या रुग्णाने तेलाइतकंच, किंबहुना आधी, चकली-शेव-चिवड्यातल्या मिठाकडे पाहावं.

दुकानातून परस्पर गोळ्या घेण्याबद्दलही सांगायला हवं. ट्रायग्लिसराइडसाठीच्या फेनोफायब्रेटमुळे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मोजणारा रक्तातला आकडा, वाढू शकतं, आणि मूत्रपिंड खूप कमजोर असेल तर ते औषध देतच नाहीत. एकाच्या घरातली चिठ्ठी दुसऱ्याच्या उपयोगाची नसते.

आपल्याकडे लिपिड प्रोफाइल लोक हौसेने करतात. कागद हातात आला की हृदयाचा विचार होतो, तळण बंद होतं, चालणं सुरू होतं. ते चांगलंच. पण त्याच वेळी लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला फारसा खर्च येत नाही, तरी ते राहून जातं. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी या दोन्ही तपासण्या वर्षातून एकदा कराव्यात. आणि कोलेस्टेरॉल अचानक चढलं असेल, पायांवर सूज असेल, लघवीचा फेस विरत नसेल, तर पथ्य सुरू करण्याआधी डॉक्टरांना लघवीची तपासणी लिहून द्यायला सांगा.