जड कोयता आणि बोथट धार

कुंभकोणमजवळचे तिरुविडैमरुदूर मराठी इतिहासात येते ते तंजावरचा मराठा राजा अमरसिंह याच्यामुळे. १७९८ मध्ये गादी गेल्यावर तो इथे येऊन राहिला. कावेरीच्या गाळाच्या या मुलखात भात कापायचे दातेरी पाते ते ‘करुक्करिवाळ’ आणि फांद्या तोडायचे जड पाते ते ‘वेट्टरिवाळ’. दोन्ही ‘अरिवाळ’च, पण कामे निराळी. आपल्याकडे विळा आणि कोयता ही नावेच वेगळी, म्हणून घोटाळा व्हायला नको. तरी झुडपांतून पायवाट मोकळी करायची म्हटले की समजूत एकच असते: पाते जितके मोठे नि जड तितके काम झटपट, आणि धार थोडी बोथटच बरी, म्हणजे चुकून लागले तरी जखम खोल होणार नाही.

या समजुतीत झुडपाचा विचारच नाही. वाटेवर आडवी येणारी फांदी बारीक आणि लवचिक असते, तिला मागून कशाचा आधार नसतो. सावकाश आलेले जड पाते तिला नुसते वाकवते. ती तुटते वेगाने. घावाची ऊर्जा वजन दुप्पट केल्याने दुप्पट होते, तर वेग दुप्पट केल्याने चौपट, आणि जड कोयता तासाभराने हाताचा वेगच खाऊन टाकतो. कोयत्याचे टोक आत वळलेले असते तेही याचसाठी: निसटू पाहणारी फांदी बाकात अडकते आणि पाते तिच्यावरून ओढले जाऊन चिरत जाते. बोथट धारेला हे जमत नाही. ती सालीवरून घसरते, मग माणूस जोर वाढवतो, आणि जोर वाढवलेला घाव चुकला की गुडघ्यापर्यंत येऊन थांबतो. धारदार पाते कमी जोरात चालते, म्हणून ते ताब्यात राहते. यावर कोणी म्हणेल, बांबूला किंवा जाड बुंध्याला वजन लागतेच. खरे आहे. पण मनगटाहून जाड लाकूड आले की कोयता खाली ठेवून कुऱ्हाड किंवा करवत घ्यावी, त्यासाठी दिवसभर जड पाते वागवण्यात अर्थ नाही.

पोलाद जितके कडक तितके चांगले, हेही अर्धसत्य आहे. खूप कडक पाते धार जास्त टिकवते, पण दगडावर आपटले की त्याचा तुकडा उडतो. गावचे लोहार ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा वापरतात तो फुकट जाऊ नये म्हणून नव्हे. ते पोलाद चिवट असते, धार वळली तरी कानशीने सरळ होते आणि फारच झिजली तर शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून, घेता येते. तिरुविडैमरुदूरच्या गाळात दगड क्वचितच, तिथे घाव जमिनीलगत घालता येतो. कोकणातल्या जांभ्यावर हात थोडा वर ठेवावा लागतो. तिरका घाव सोपा जातो, म्हणून सगळे तिरकाच मारतात. पण उंचावर मारला तर मागे भाल्यासारखा खुंट उरतो, आणि बांधावरून अनवाणी चालणाऱ्याला काट्यापेक्षा त्याचीच भीती जास्त.

कोयता बाळगणे हाच गुन्हा, असाही समज पुण्यातल्या ‘कोयता गँग’च्या बातम्यांनी पसरवला आहे. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पाती येतात, पण घरगुती व शेतीच्या कामासाठी घडवलेली त्यातून वगळलेली आहेत. ती सवलत अवजाराला आहे, ते उगारण्याला नाही.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र हा, की तोडले म्हणजे वाट मोकळी झाली. घाणेरी किंवा वेडी बाभूळ (तमिळमध्ये ‘सीमै करुवेलम्’, म्हणजे परदेशी बाभूळ) वरून छाटली की बुंध्यातून दुप्पट जोमाने फुटते. घाणेरीसाठी दिल्लीचे प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी सुचवलेला उपाय जमिनीखालचा आहे: मुळाचा फुटवे येणारा भाग जिथे संपतो, त्याच्या खाली, मातीत तीन-पाच सेंटिमीटरवर मूळ तोडायचे आणि झुडूप उपटून उलटे ठेवायचे. तिथे कुदळ लागते.