हापूस आणि अल्बुकर्कची चिवट दंतकथा

रत्नागिरीत आंब्याच्या पेट्या भरू लागल्या की एक कहाणीही बाजारात येते: हापूस अल्बुकर्कने पोर्तुगालहून आणला. ती पर्यटकांना सांगितली जाते, पुरवण्यांत छापली जाते, आणि तरीही साफ चुकीची आहे.

आंबा मुळात याच उपखंडातला. पोर्तुगालमध्ये आंबराया नव्हत्याच, मग तिथून आणणार काय? पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकला, १५११ मध्ये मलाक्का. पुढे एडन, होर्मुझ, आणि १५१५ मध्ये तो वारला. या धावपळीत त्याने बाग लावल्याचं सांगणाऱ्यांनी आधी पुरावा दाखवावा.

पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात जोर धरला तो कलमांनी. हापूसची कोय पेरली तर येणारं झाड रायवळ; तेच फळ हवं तर कलमच बांधावं लागतं. म्हणून चांगल्या झाडाला नाव मिळालं आणि ते टिकलं. गोव्याचा मानकुराद हा असाच 'माल्कोरादा', म्हणजे 'रंग न भरलेला'. आज तिथे त्याच्याइतका मान दुसऱ्या आंब्याला नाही.

मग हापूस कोणाच्या नावाचा? सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने आपल्या 'स्तोरिया दो मोगोर' ग्रंथात गोव्याच्या आंब्यांची नावं दिली आहेत. त्यांत निकोलाव अफोन्सो आहे, अल्बुकर्क नाही. अफोन्सो हे पोर्तुगिजांत सर्रास आढळणारं नाव. प्रत्येक अफोन्सो सेनापती नसतो.

अफोन्सो या नावाचा शेवटचा तुकडा जर्मानिक 'फुन्स', म्हणजे सज्ज, उत्सुक. जुन्या इंग्रजीत हेच विशेषण 'फूस' असं होतं: निघायला तयार, आतुर, प्रसंगी मरणाच्या दारात उभा. इंग्रजीतून ते पार गेलं. कोकणात मात्र अफोन्सोचा आफूस आणि मग हापूस झाला.

आता हापूस हे नाव की विशेषण, असा गोंधळ आहे. कुठल्याही केशरी आंब्यावर तो शिक्का बसतो. २०१८ चं भौगोलिक मानांकन मात्र रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांनाच आहे. म्हणजे 'देवगडचाच खरा' हेही अर्धवट.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. रायवळ ही जात नव्हे, कोयीपासून आलेलं कुठलंही झाड. 'रत्ना' हा हापूसचा प्रकार नव्हे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तो काढला. फळातला साका, म्हणजे गर आतून पांढरट, स्पंजासारखा होणं, किडीमुळे होत नाही. तो फळाच्या वाढीतला बिघाड आहे, आणि रत्नात तो होत नाही.