५ फूट ९ इंचांचा कर्णधार

शाळेच्या मैदानावर बास्केटबॉलचा संघ निवडतांना पहिली हांक उंच मुलास जाते, हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. या खेळाचें कडें जमिनीपासून १० फूट उंचीवर असतें; तेव्हां ज्याचा हात त्याच्या जवळ पोहोंचतो त्यास आधीं बोलवावें, यांत वावगें तें काय? धंदेवाईक खेळाडूंत तर साडेसहा फूट उंची ही नवलाची गोष्ट मानीत नाहींत. अशा मंडळींत ५ फूट ९ इंच उंचीचे एक गृहस्थ सुमारें तेरा वर्षें खेळले, आपल्या राष्ट्राच्या संघाचे कर्णधार झाले, आणि दूरवरून चेंडू टाकण्यांत त्यांनीं आपल्या संघटनेंतील सर्वांस मागें टाकिलें. त्यांचें नांव जिमी अलापाग. त्यांची हकीकत आज आम्ही सांगणार आहों.

ती समजण्यास प्रथम फिलिपाइन्स बेटांकडे वळलें पाहिजे. बास्केटबॉल हा खेळ १८९१ सालीं अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेच्या विद्यालयांत जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें काढिला. फिलिपाइन्सवर त्या वेळीं स्पेनचें राज्य होतें. १८९८ त तें अमेरिकेकडे गेलें, आणि पुढें १९१० च्या सुमारास वाय. एम. सी. ए. च्या मंडळींनीं व अमेरिकन शिक्षकांनीं हा खेळ तेथें रुजविला. तो इतका रुजला कीं १९३६ च्या बर्लिन येथील ऑलिंपिक सामन्यांत फिलिपाइन्सचा संघ अमेरिकेशीं झालेला एकच सामना हरून पांचवा आला, आणि १९५४ सालीं रिओ दि जानेरो येथें जागतिक स्पर्धेंत तिसरा. आपल्याकडे गल्लोगल्लीं क्रिकेट चालतें, तसें तेथें नारळीच्या बुंध्यास कडें ठोकून पोरें बास्केटबॉल खेळतात. १९७५ त तेथें फिलिपाइन बास्केटबॉल असोसिएशन ही धंदेवाईक संघांची संघटना निघाली. आशियांत अशा प्रकारची ती पहिलीच. तिच्यांतील संघ गांवांच्या नांवांनीं नव्हे, तर व्यापारी कंपन्यांच्या नांवांनीं ओळखले जातात, ही गोष्ट परक्या मनुष्यास थोडी चमत्कारिक वाटते.

अलापाग यांचा जन्म मात्र या बेटांत झाला नाहीं. पोटासाठीं समुद्र ओलांडून अमेरिकेस गेलेल्या फिलिपिनो कुटुंबांची संख्या फार मोठी आहे. अशाच एका कुटुंबांत, कॅलिफोर्नियांतील सॅन बर्नार्डिनो या गांवीं, ३० डिसेंबर १९७७ रोजीं ते जन्मले. तेथील सरकारी विद्यापीठाच्या संघांतून ते खेळले. परंतु त्या संघाची गणना अमेरिकन महाविद्यालयांच्या दुसऱ्या श्रेणींत होत असे. दुसऱ्या श्रेणींतील बुटक्या खेळाडूस अमेरिकेच्या मोठ्या धंदेवाईक संघांचें दार उघडणें कठीणच. तेव्हां त्यांनीं आईबापांच्या देशाची वाट धरिली.

ती वाटही सुखाची नव्हती. अमेरिकेंतून आलेल्या खेळाडूंविषयीं त्या सुमारास फिलिपाइन्समध्यें मोठा संशय माजला होता. कोणी खोट्या कागदांच्या आधारें आपणांस फिलिपिनो म्हणवून घेऊन संघांत शिरल्याचें उघडकीस आलें होतें, आणि २००३ सालीं देशाच्या सीनेटनें त्याची चौकशी आरंभिली. त्याच सालीं टॉक एन टेक्स्ट या संघानें नव्या खेळाडूंच्या निवडीत अलापाग यांस घेतलें. निवडीच्या क्रमांत त्यांचा नंबर दहावा. म्हणजे नऊ खेळाडू त्यांच्याहून बरे ठरून आधींच उचलले गेले होते! ते वर्ष संपलें तेव्हां त्यांस वर्षांतील सर्वोत्तम नवा खेळाडू म्हणून गौरविण्यांत आलें, आणि त्यांच्या संघास त्याचें पहिलें अजिंक्यपद मिळालें.

आतां हें साधलें कसें? बास्केटबॉलमध्यें पांच गडी असतात, आणि त्यांपैकीं एकाकडे चेंडू पुढें नेण्याचें व कोणास केव्हां द्यावयाचा तें ठरविण्याचें काम असतें. त्यास पॉइंट गार्ड म्हणतात. हें काम उंचीचें नव्हे, नजरेचें. बुटक्या मनुष्याच्या हातांतून निघालेला चेंडू जमिनीवर आपटून परत हातीं येण्यास कमी अंतर तोडतो, म्हणून तो हिरावून घेणें प्रतिपक्ष्यास जड जातें. निसर्गानें एका हातानें जें नाकारिलें तें दुसऱ्या हातानें थोडेंबहुत परत केलें, असें म्हणतां येईल. दुसरी गोष्ट दूरच्या फेकीची. कड्याभोंवतीं एक मोठी कमान आंखलेली असते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०१० पासून तिचें अंतर ६.७५ मीटर, म्हणजे सुमारें २२ फूट, आहे. तिच्या बाहेरून चेंडू कड्यांत पडल्यास दोहोंच्या ऐवजीं तीन गुण मिळतात. जवळ गेल्यास उंच गडी हात आडवा घालतात. तेव्हां जवळ जाऊंच नये, लांबूनच टाकावें. हें सांगणें सोपें. पण दोन गडी अंगावर धांवून येत असतां, दमछाक झालेली असतां, क्षणार्धांत नेम धरणें किती अवघड तें करून पाहणाऱ्यासच कळेल. अलापाग यांनीं हीच विद्या आपली केली. प्रेक्षकांनीं त्यांस एका चित्रपटांतील शूर उंदराच्या नांवावरून ‘मायटी माउस’ असें टोपणनांव दिलें.

टॉक एन टेक्स्टबरोबर त्यांनीं एकंदर ६ अजिंक्यपदें मिळविलीं, आणि २०१०-११ च्या हंगामांत ते संघटनेचे सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरले. त्या हंगामांतील तीन स्पर्धांपैकीं दोन त्यांच्या संघानें जिंकल्या. तिसरी जिंकिली असती तर फार थोड्या संघांस लाभलेला मान मिळाला असता, पण अंतिम फेरींत सातव्या सामन्यांत तो हुकला.

परंतु अलापाग यांचें नांव फिलिपाइन्सच्या घराघरांत गेलें तें राष्ट्रीय संघामुळें. आशियाई स्पर्धांत कोरियाचा संघ त्या देशाच्या वाटेंत धोंड होऊन बसला होता. २००२ सालीं बुसान येथें उपांत्य सामन्यांत फिलिपाइन्स दोन गुणांनीं पुढें असतां अगदीं अखेरच्या क्षणीं एका कोरियन गड्यानें कमानीबाहेरून चेंडू टाकिला, आणि ६९-६८ असा पराभव झाला. २०११ सालीं चीनमधील वूहान येथें तिसऱ्या जागेसाठीं पुन्हां कोरियाशीं गांठ पडली. या वेळीं अलापाग संघांत होते. ७०-६८. पुन्हां पराभव, आणि ऑलिंपिकच्या पात्रतेची वाटही बंद.

यानंतर १० ऑगस्ट २०१३ हा दिवस उजाडला. आशियाई अजिंक्यपदाची स्पर्धा मनिला येथेंच भरली होती, आणि पहिल्या तीन संघांस पुढील वर्षीं स्पेनमधील जागतिक स्पर्धेंत प्रवेश होता. उपांत्य सामना कोणाशीं? कोरियाशींच. त्यांतच संघाचा सर्वांत उंच आधारस्तंभ मार्कस डाउथिट हा पूर्वार्धांतच जायबंदी होऊन बाहेर बसला. आतां उंची नाहीं, आणि समोर किम मिन-गू नांवाचा कोरियन तरुण एकामागून एक चेंडू कड्यांत टाकीत आहे. एकट्यानें २७ गुण केले. मार्क पिंग्रिस यानें आपल्याहून थोरांशीं झुंज देऊन कड्याखालची जागा संभाळिली. जेसन कास्त्रो, म्हणजे टॉक एन टेक्स्टमधील अलापाग यांचाच लहानखुरा जोडीदार, बचाव फोडून आंत शिरत राहिला. आणि सामना दोलायमान असतां, ज्या घटकेस पूर्वीच्या संघांचे हात कांपले होते त्या घटकेस, पस्तिशी गांठलेल्या कर्णधारानें कमानीबाहेरून नेम धरिला. ८६-७९. जय झाला.

दुसऱ्या दिवशीं अंतिम सामन्यांत इराणनें त्यांस ८५-७१ असें हरविलें; तें दुःख कोणी फारसें मनास लावून घेतलें नाहीं. ३६ वर्षांनीं देश जागतिक स्पर्धेस जाणार होता.

सेव्हिल येथें २०१४ सालीं जें घडलें त्याचे आंकडे पाहण्यासारखे आहेत. क्रोएशियाशीं जादा वेळांत ३ गुणांनीं हार, ग्रीसशीं १२, अर्जेंटिनाशीं ४, पोर्टो रिकोशीं ४. ग्रीस सोडल्यास प्रत्येक वेळीं विजय हाताशीं येऊन निसटला. अखेरच्या, सेनेगलशीं झालेल्या सामन्यांतही जादा वेळ खेळावा लागला, आणि तेथें ८१-७९ असा जय मिळाला. जागतिक स्पर्धेंतील या देशाचा हा १९७४ नंतरचा पहिला विजय. ज्या मनुष्याच्या रक्ताविषयीं व कागदांविषयीं शंका घेण्याच्या दिवसांत तो या देशांत आला होता, त्याच्याच नेतृत्वाखालीं हा विजय मिळावा, हें आम्हांस सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखें वाटतें.

२०१५ च्या आरंभीं अलापाग यांनीं निवृत्ति जाहीर केली. पण खेळाची ओढ सुटेना, आणि त्याच वर्षीं ते मेराल्को या संघांतून परत मैदानांत उतरले. असें परत येणें पुष्कळदां फजितीचें होतें, हें खरें. येथें मात्र तसें झालें नाहीं. अॅलन कायदिक यांचा १,२४२ तिहेरी फेकींचा जुना विक्रम त्यांनीं २०१६ त मागें टाकिला व एकंदर संख्या १,२५० वर नेली. त्याच वर्षीं मेराल्को प्रथमच अंतिम फेरींत पोहोंचला, आणि सहाव्या सामन्याच्या शेवटच्या क्षणीं प्रतिपक्ष्याच्या एका लांब फेकीनें हरला. पुढें अलापाग मार्गदर्शक झाले. त्यांच्या हाताखालीं अलब पिलिपिनास या संघानें २०१८ सालीं आग्नेय आशियांतील संघांची स्पर्धा जिंकिली. मग ते कुटुंबासह अमेरिकेस परतले व कॅलिफोर्नियांतील सॅक्रामेंटो किंग्स या मोठ्या संस्थेच्या मार्गदर्शकांत रुजू झाले. तरुणपणीं जें दार त्यांस खेळाडू म्हणून उघडलें नव्हतें, तें शिक्षक म्हणून उघडलें.

त्यांचा १,२५० चा विक्रम सप्टेंबर २०२४ पर्यंत टिकला. तो मोडणारे मार्सियो लासिटर हेही कॅलिफोर्नियांत जन्मलेले फिलिपिनो; २०११ सालीं वूहान येथें दोन गुणांनीं हरलेल्या त्या संघांत ते अलापाग यांच्याबरोबरच होते.